कॉलेज फुटबॉलमधील पास रशर : ड्राफ्टआधी दोघांची तुलना कशी करावी

अमेरिकेत एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टची (संघांनी कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडण्याची) पहिली फेरी एप्रिलअखेरच्या गुरुवारी रात्री आठ वाजता सुरू होते, तेव्हा मुंबईत शुक्रवार उजाडत असतो आणि घड्याळात साडेपाच वाजलेले असतात. दादर, पार्ले, ठाणे या पट्ट्यात हा खेळ नेमाने पाहणारी जी थोडी मंडळी आहेत, ती त्याआधीचे काही आठवडे आपापल्या याद्या करून एकमेकांना पाठवत असतात, आणि त्या याद्यांवरून होणारे बरेचसे वाद पास रशरवर येऊन थांबतात. त्याचे कारण उघड आहे. क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचा, प्रत्येक पास टीव्हीवर दिसतो, रिसीव्हरने झेललेला चेंडू दिसतो; पण बचाव फळीच्या टोकाला उभा राहून क्वार्टरबॅकवर तुटून पडणाऱ्या पास रशरचे काम चित्राच्या कडेला अडीच-तीन सेकंदांत उरकते आणि कॅमेरा तोवर चेंडूमागे गेलेला असतो. मग हाती उरतो तो सॅकचा, म्हणजे पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडल्याचा, आकडा, आणि त्याच्याच जोरावर एकाला वर चढवले जाते व दुसऱ्याला खाली ढकलले जाते.

माझ्या मते सॅकचा एकूण आकडा तुलनेत सर्वांत शेवटी यावा. जुलै-ऑगस्टमध्ये कांगा लीगच्या भिजलेल्या खेळपट्टीवर एखाद्या मध्यमगती गोलंदाजाने सात बळी घेतले, तर मैदानावरचा कोणताही जाणता माणूस त्या सातांची दखल घेतो, पण लगेच विचारतो की त्यातले किती गोलंदाजाचे होते, किती खेळपट्टीचे आणि समोर फलंदाज कोण होते. कॉलेजमधल्या सॅकना नेमके हेच प्रश्न विचारायचे असतात. दोन रशरची परिस्थिती जोवर सारखी करून घेतलेली नाही, तोवर त्यांचे आकडे शेजारी मांडण्याला अर्थ नाही. पुढे जी पद्धत सांगितली आहे, ती एवढ्यासाठीच आहे.

आधी सॅकची वर्गवारी करावी

तुलनेतल्या प्रत्येक रशरच्या शेवटच्या मोसमातील सगळ्या सॅक एकेक करून पाहाव्यात. चांगल्या रशरच्या साधारण आठ ते चौदा सॅक असतात, त्यामुळे एका खेळाडूला एक संध्याकाळ पुरते. मात्र त्या मोठ्या पडद्यावर पाहाव्यात. विरार लोकलमध्ये फोनवर पाहिलेल्या सॅकच्या तुकड्यांत फक्त शेवटची झडप दिसते, त्याआधी टॅकलचे, म्हणजे रशरला अडवणाऱ्या आक्रमक फळीच्या टोकावरच्या खेळाडूचे, काय झाले ते दिसत नाही. प्रत्येक सॅकपुढे तो कोणाविरुद्ध आणि कसा झाला हे लिहावे. रशरने एकट्या टॅकलला हरवून सुमारे अडीच सेकंदांत क्वार्टरबॅक गाठला असेल, तर तो सॅक खऱ्या कमाईचा. त्याच्यासमोर टाइट एंड किंवा रनिंग बॅक (ज्यांचे मुख्य काम रशरला अडवणे नसते) होता, किंवा त्याला कोणी अडवलेच नाही, तर तो सॅक डावपेच आखणाऱ्या प्रशिक्षकाच्या खात्यात जातो. क्वार्टरबॅक चार-पाच सेकंद चेंडू धरून उभा राहिला आणि शेवटी धावत रशरच्या अंगावर आला, तर त्याचे श्रेय बहुतांशी पास झेलणाऱ्यांना रोखून धरणाऱ्या मागच्या फळीचे. दोन बचावपटूंनी जागा बदलून, म्हणजे स्टंट करून मिळवलेले सॅक वेगळ्या रकान्यात ठेवावेत, कारण व्यावसायिक खेळातही ते उपयोगी पडतात, पण त्यांत जोडीदाराचा वाटा असतो. ही वर्गवारी केल्यावर बाराच्या सातवर येतात आणि नऊच्या सातच राहतात, असे नेहमी घडते.

समोरच्या टॅकलचे नावही लिहावे. कॉलेज फुटबॉलमध्ये एका शनिवारी समोर भावी एनएफएल खेळाडू असतो, तर दुसऱ्या शनिवारी ज्याचा खेळ कॉलेजातच संपणार आहे असा मुलगा असतो. मिशिगनच्या एडन हचिन्सनने २०२१ मध्ये एकूण १४ सॅक केल्या. त्यांतल्या ३ नोव्हेंबरअखेरीस ओहायो स्टेटविरुद्ध होत्या, आणि ओहायो स्टेटचे दोन्ही टॅकल, निकोलस पेटिट-फ्रेअर आणि डवांड जोन्स, पुढे एनएफएलमध्ये निवडले गेले. मोसमाच्या सुरुवातीला दुबळ्या पाहुण्या संघाविरुद्ध मिळवलेल्या तीन सॅकपेक्षा या तिनांचे वजन कितीतरी जास्त धरावे. तुलनेतले दोघे एकाच परिषदेत, म्हणजे कॉलेज संघांच्या एकाच गटात, खेळत असतील, तर दोघांनीही ज्या टॅकलचा सामना केला तो सामना आधी पाहावा. सामाईक प्रतिस्पर्धी मिळणे हे या कामातले मोठे भाग्य आहे आणि ते मिळाले असताना लोक ते सोडून आकडेवारीच्या मागे का लागतात, हे मला उमगलेले नाही.

कॉलेजचा खेळ आणि व्यावसायिक खेळ यांच्या नियमांतला फरक इथे लक्षात घ्यावा लागतो. पास फेकला जाईपर्यंत आक्रमक फळीतल्या अडवणाऱ्या खेळाडूंना कॉलेजमध्ये तीन यार्ड पुढे जाता येते, एनएफएलमध्ये एकच यार्ड. त्यामुळे कॉलेजचे संघ धाव (चेंडू घेऊन पळणे) आणि पास यांचा निर्णय ऐनवेळी घेणारे डाव मोठ्या संख्येने खेळतात, टॅकल पास अडवण्याऐवजी धाव असल्यासारखे पुढे येतात आणि चेंडू दीड सेकंदात हातातून सुटतो. अशा स्नॅपवर, म्हणजे चेंडू मागे देऊन सुरू होणाऱ्या अशा डावात, जगातला सर्वोत्तम रशरही क्वार्टरबॅकपर्यंत पोचत नाही. मैदानावरच्या आतल्या खुणांमधले अंतरही कॉलेजमध्ये ४० फूट आहे, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. म्हणून कॉलेजमध्ये चेंडू एका बाजूच्या खुणेवर असला की मैदानाची एक बाजू रुंद आणि दुसरी चिंचोळी होते, आणि रशर कोणत्या बाजूला उभा राहत होता यावर त्याला किती मोकळीक मिळाली हे ठरते. या सगळ्यावर साधा उपाय असा, की तुलनेसाठी तिसऱ्या डाऊनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) सात किंवा अधिक यार्ड हवे असतानाचे स्नॅप निवडावेत. त्या वेळी पास येणार हे दोन्ही बाजूंना माहीत असते, टॅकल मागे सरकतो आणि रशर पूर्ण ताकदीने सुटतो. एनएफएलमध्ये त्याला पैसे मिळणार आहेत ते मुख्यतः याच स्नॅपसाठी.

एक स्नॅप कसा पाहावा

एकच स्नॅप चार-पाच वेळा, थांबवत थांबवत पाहण्याची सवय लावून घ्यावी. पहिल्या वेळी फक्त चेंडू आणि रशरचा पुढचा पाय यांच्याकडे पाहावे. चेंडू हलल्याबरोबर पाय हलतो, की शेजारचा खेळाडू हलल्यावर तो हलतो, यातला फरक चित्र थांबवले की स्वच्छ कळतो. दुसऱ्या वेळी टॅकलची पावले मोजावीत. तो मागे व बाहेर सरकत तिसरे पाऊल टाकत असताना रशर त्याच्या खांद्याच्या रेषेत आला असेल, तर टॅकलला वळावे लागते, आणि वळलेला टॅकल अर्धा हरलेला असतो. तिसऱ्या वेळी हात पाहावेत. टॅकल दोन्ही पंजे छातीवर मारायला पुढे आणतो, त्याच क्षणी रशर बाहेरच्या हाताने त्याचे मनगट किंवा कोपर खाली झटकतो का, की नुसता खांदा पुढे करून धडकतो? चौथ्या वेळी नजर कमरेवर आणि घोट्यावर ठेवावी. टॅकलला ओलांडताना रशरची कंबर क्वार्टरबॅककडे वळली आणि शरीर आत झुकलेले असतानाही पाय घसरले नाहीत, तर तो साधारण सात-आठ यार्ड मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकपाशी पोचतो. कंबर वळली नाही, तर तो दहा यार्ड मागे वाहवत जातो आणि क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे येऊन निवांत पास फेकतो. टीव्हीवर दोन्ही वेळा रशर टॅकलच्या मागे गेलेला दिसतो आणि समालोचक दोन्ही वेळा त्याचे कौतुक करतो.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिली चाल फसली की रशर काय करतो, हे पाहावे. कॉलेजमध्ये नुसत्या वेगावर किंवा नुसत्या ताकदीवर दहा सॅक मिळवता येतात, कारण समोरचे अनेक टॅकल त्या एका गोष्टीलाच पुरे पडत नाहीत. एनएफएलमध्ये रविवारी भेटणारा टॅकल आठवडाभर त्याचे व्हिडिओ पाहून आलेला असतो, त्याची आवडती चाल पहिल्या पंधरा मिनिटांत बंद होते आणि मग दुसरी चाल लागते : बाहेरून जाण्याचा आव आणून एकदम आत घुसणे, वेगाने येऊन छातीवर धडक देणे, एक हात ताणून टॅकलला लांब ठेवणे, किंवा गिरकी घेणे. म्हणून जिंकलेल्या स्नॅपांइतकेच हरलेले स्नॅपही पाहावेत. अडवला गेल्यावर जो हात खाली टाकून उभा राहतो तो एकीकडे, आणि जो दुसऱ्या हाताने काहीतरी करत राहतो तो दुसरीकडे. दोन रशर इतर बाबतींत बरोबरीचे असतील, तर मी डोळे झाकून दुसऱ्याला वर ठेवतो.

आकडे आणि मोजमापे

आता आकड्यांकडे वळावे. सॅकपेक्षा प्रेशर अधिक विश्वासार्ह असते, कारण त्यात सॅकबरोबरच क्वार्टरबॅकला दिलेले धक्के आणि घाईने पास फेकायला लावलेले प्रसंगही धरले जातात. मोसमात सॅक दहा असतात, पण प्रेशर पन्नास-साठपर्यंत जातात, आणि संख्या मोठी असली की नशिबाचा भाग कमी होतो. मात्र एकूण प्रेशर पाहू नयेत. पास रशच्या किती स्नॅपांमागे किती प्रेशर, हे प्रमाण पाहावे. ज्या संघाकडे गुणी बचावपटूंची फौज असते, तिथे एकेकाच्या वाट्याला कमी स्नॅप येतात आणि एकूण आकडा आपोआप लहान दिसतो. अर्धा सॅक हाही प्रकार ध्यानात ठेवावा. दोघांनी मिळून क्वार्टरबॅकला पाडले तर प्रत्येकी अर्धा मिळतो, त्यामुळे साडेनऊ हा आकडा पाहून कोणी अर्धवट काम केले असे समजू नये.

फेब्रुवारीअखेरीस इंडियानापोलिसला कम्बाइन भरते आणि तिथे धावणे, उड्या मारणे, २२५ पौंडांचे, म्हणजे सुमारे १०२ किलोंचे वजन उचलणे असे सगळे मोजले जाते. त्या दिवसांत ४० यार्डांच्या शर्यतीच्या वेळेची फार चर्चा होते. पास रशर एका सामन्यात सरळ रेषेत ४० यार्ड क्वचितच धावतो, म्हणून त्यातल्या पहिल्या दहा यार्डांची वेळ पाहावी, १.६ सेकंदांच्या आसपास असेल तर सुरुवात उत्तम आहे. वळण घेण्याची क्षमता पाहायची असेल, तर तीन शंकूंभोवती धावण्याच्या चाचणीचा आकडा पाहावा. एवढ्या वजनाच्या माणसाने ती सात सेकंदांच्या आत पूर्ण करणे हे चांगले लक्षण आहे. बेंच प्रेसला मी जवळपास शून्य महत्त्व देतो. ओहायो स्टेटच्या व्हर्नन गोल्स्टनने २००८ च्या कम्बाइनमध्ये ३७ वेळा ते वजन उचलले, कॉलेजच्या शेवटच्या मोसमात त्याच्या १४ सॅक होत्या, न्यूयॉर्क जेट्सने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतले, आणि एनएफएलच्या संपूर्ण कारकिर्दीत त्याच्या नावावर एकही सॅक लागला नाही. उलट २००२ मध्ये अॅरिझोना स्टेटसाठी २४ सॅक करणारा टेरेल सग्ज ४० यार्डांत मंद धावला म्हणून दहाव्या क्रमांकापर्यंत घसरला, आणि निवृत्त झाला तेव्हा त्याच्या खात्यावर १३९ सॅक होत्या.

मोजमापे निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ घेऊ नये. व्हिडिओत जे दिसले त्याची खातरजमा करण्यासाठी ती वापरावीत. वळणावर चपळ वाटलेल्या रशरची तीन शंकूंची वेळ ७.३ सेकंद आली, तर पुन्हा व्हिडिओ पाहावा. कदाचित टॅकलच मंद असेल. ईस्टर्न मिशिगनसारख्या लहान संघातून आलेल्या मॅक्स क्रॉस्बीने ही चाचणी ६.८९ सेकंदांत पूर्ण केली होती, तरीही २०१९ मध्ये तो चौथ्या फेरीत १०६ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला. पहिल्याच मोसमात त्याने १० सॅक केल्या.

हातांच्या लांबीविषयी दोन टोकाची मते आहेत. लांब हाताचा रशर टॅकलच्या आधी त्याच्या छातीला हात लावतो, हे खरे आहे. २०२२ मध्ये जॉर्जियाच्या ट्रॅव्हॉन वॉकरचे हात साडेपस्तीस इंच होते आणि हचिन्सनचे बत्तीस इंचांहून जेमतेम थोडे जास्त. वॉकर २७२ पौंड वजन घेऊन ४० यार्ड ४.५१ सेकंदांत धावला, हचिन्सन ४.७४ सेकंदांत, पण तीन शंकूंच्या चाचणीत हचिन्सन ६.७३ आणि वॉकर ६.८९ असे उलटे चित्र होते. शेवटच्या मोसमात एकाच्या १४ सॅक, दुसऱ्याच्या ६. इथे नुसत्या आकड्यांवर थांबणारा माणूस वॉकरला मोडीत काढेल, पण जॉर्जियाच्या त्या बचाव फळीतून पाच खेळाडू पहिल्या फेरीत गेले, वॉकर पुष्कळ वेळा टॅकलच्या आतल्या बाजूला उभा राहून मुख्यतः धाव रोखण्याचे काम करत होता, आणि बाहेरून सुटण्याची संधी त्याला हचिन्सनच्या मानाने कमी मिळत होती. जॅक्सनव्हिलने वॉकरला पहिला आणि डेट्रॉइटने हचिन्सनला दुसरा घेतला. पहिल्या मोसमात हचिन्सनच्या साडेनऊ सॅक झाल्या, वॉकरच्या साडेतीन. पुढे २०२३ मध्ये वॉकर १० वर आणि २०२४ मध्ये साडेदहावर गेला. हचिन्सनला वर ठेवणे योग्य होते असे मला आजही वाटते, कारण त्याची दुसरी-तिसरी चाल कॉलेजातच तयार होती. मात्र वॉकरच्या सहा सॅक पाहून त्याला हसणारेही चुकलेच होते.

एक सराव

पद्धत हाताखालून घालायची असेल, तर २०२४ चा ड्राफ्ट घ्यावा. त्या वर्षी १५, १७, १९ आणि २१ या क्रमांकांवर चार एज, म्हणजे टोकावरून सुटणारे, रशर गेले : इंडियानापोलिसकडे यूसीएलएचा लायआटू लाटू, मिनेसोटाकडे अलाबामाचा डॅलस टर्नर, लॉस एंजेलिस रॅम्सकडे फ्लोरिडा स्टेटचा जॅरेड व्हर्स आणि मायामीकडे पेन स्टेटचा चॉप रॉबिन्सन. २०२३ च्या कॉलेज मोसमातल्या त्यांच्या सॅक याच क्रमाने १३, १०, ९ आणि ४. एनएफएलच्या पहिल्या वर्षात लाटूच्या ४, टर्नरच्या ३, व्हर्सच्या साडेचार आणि रॉबिन्सनच्या ६. म्हणजे कॉलेजात शेवटी असलेला पहिला आला.

एका वर्षावरून कोणाचाही निकाल लागत नाही, हे आधीच सांगायला हवे. तरीही चौघांचे व्हिडिओ शेजारी ठेवून पाहिले की आकड्यांमागची माणसे वेगळी दिसतात. रॉबिन्सनची पहिली दोन पावले विलक्षण होती, टॅकल त्याच्या धास्तीने आधीच मागे पळत. त्याला सॅक कमी मिळाल्या, पण टॅकलची अवस्था पाहून त्याची किंमत कळत होती. लाटूचे हात चौघांत सर्वांत शिकलेले होते, प्रत्येक स्नॅपला त्याच्याकडे बेत असे. व्हर्स वेगाने येऊन सरळ टॅकलला मागे रेटत नेई, त्यामुळे सॅक दुसऱ्या कोणाला मिळाला तरी क्वार्टरबॅकची जागा त्यानेच मोडलेली असे. साडेचार सॅक असूनही त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू म्हणून तोच निवडला गेला, ते याच कारणाने. टर्नर ४.४६ सेकंदांत धावला होता, पण मिनेसोटाने त्याच उन्हाळ्याआधी जोनाथन ग्रीनार्ड आणि अँड्र्यू व्हॅन गिंकल हे दोन तयार रशर करारबद्ध केले होते, आणि टर्नरला मैदानावर वेळच कमी मिळाला. संघात जागा किती आहे, हा प्रश्न तुलनेत धरावाच लागतो. फक्त तो खेळाडूच्या गुणांच्या रकान्यात न लिहिता शेजारी वेगळा लिहावा.

वय आणि दुखापत यांचेही तसेच. ड्राफ्टच्या दिवशी टर्नर एकवीस वर्षांचा होता, लाटू आणि व्हर्स तेवीस. तेवीस वर्षांच्या मुलाने एकोणीस-वीस वर्षांच्या टॅकलला ताकदीने मागे ढकलले, तर त्यात थोडी वजावट करावी. तीच गोष्ट वीस वर्षांच्या मुलाने केली असेल, तर वजावट नको. लाटूला मानेच्या दुखापतीमुळे वॉशिंग्टन विद्यापीठात असताना डॉक्टरांनी खेळ सोडायला सांगितले होते, आणि नंतर यूसीएलएमध्ये परवानगी मिळून तो परतला. अशा प्रकरणात वैद्यकीय अहवाल संघांकडे असतो, आपल्याकडे नाही. म्हणून दुखापतीवर स्वतःचे गुण देऊ नयेत, फक्त नोंद करून ठेवावी.

जानेवारीअखेरीस अलाबामातल्या मोबाइल शहरात सीनियर बोल या ड्राफ्टसाठी उत्सुक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याचा सराव होतो, आणि तिथले रशर विरुद्ध टॅकल असे एकास एक झुंजीचे व्हिडिओ फार फिरतात. ते जरूर पाहावेत, पण त्यांत टॅकलला शेजाऱ्याची मदत नसते आणि चेंडू लवकर सुटण्याची भीतीही नसते, त्यामुळे पारडे आधीच रशरकडे झुकलेले असते. तिथे जिंकलेल्या रशरपेक्षा तिथे वारंवार हरलेल्या रशरकडे अधिक बारकाईने पाहावे.

शेवटी यादी लिहिताना क्रमांक देण्याऐवजी पायऱ्या कराव्यात. पहिल्या पायरीवर ज्यांच्याकडे किमान दोन चाली आहेत आणि चांगल्या टॅकलविरुद्ध त्या चालल्या आहेत ते. दुसरीवर ज्यांच्याकडे एक चाल आणि ती वाढवण्याइतका वेग किंवा लांबी आहे ते. तिसरीवर ज्यांचे आकडे आहेत पण सॅकच्या वर्गवारीत कमाई कमी निघाली ते. प्रत्येक नावापुढे एक वाक्य लिहावे की हा क्वार्टरबॅकपर्यंत कसा पोचतो. ते वाक्य लिहिता आले नाही, तर त्या खेळाडूचे आणखी दोन सामने पाहावेत, आणि ते अशा संघांविरुद्धचे पाहावेत, ज्यांचे टॅकल त्याच किंवा पुढच्या ड्राफ्टमध्ये जाणार आहेत. एकाच पायरीवरच्या दोघांत निवड करायची वेळ आली, तर घेणारा संघ चार बचावपटूंची फळी खेळतो की तीनची, हे पाहून ठरवावे : पहिल्या प्रकारात जमिनीला हात टेकून सुटणारा, धाव अडवू शकणारा १२० किलोंच्या आसपासचा रशर बसतो, दुसऱ्यात उभ्याने सुटणारा, प्रसंगी मागे सरून पास अडवणारा ११० किलोंचा.